बिनाका गीतमाला

बिनाका गीतमाला : हिंदी चित्रपटगीतांची लोकप्रियतेनुसार क्रमवारी लावून ती दर आठवड्यास, आणि वर्षाच्या अखेरीस एकत्रितपणे, श्रोत्यांपुढे ठेवणारा रेडिओ सिलोनचा कार्यक्रम. त्याचे पहिले प्रसारण ३ डिसेंबर १९५२ रोजी झाले. १९८९ पर्यंत तो कोलंबो येथील केंद्रावरून व त्यानंतर १९९४ पर्यंत आकाशवाणीच्या विविध भारतीवरून प्रसारित होत होता. त्याचे निवेदन प्रारंभापासून अमीन सयानी (२१ डिसेंबर १९३२ – २० फेब्रुवारी २०२४) यांनी केले. ‘बिनाका’ हे सिबा या स्विस कंपनीच्या दंतमंजन-लेपाचे (टूथपेस्टचे) नाव असून त्या कंपनीने कार्यक्रमाचे प्रायोजकत्व स्वीकारले होते. गीतमालेची वार्षिक क्रमवारी हा हिंदी चित्रपटसंगीताच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा आधार मानला जातो. तथापि ती कोणत्या परिस्थितीत जन्मास आली आणि कोणत्या मोजमापांवर उभी होती, हे लक्षात घेतल्याखेरीज तिचा अर्थ नीट लागत नाही.

पार्श्वभूमी : स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी भारतात आकाशवाणीची सहा केंद्रे आणि सु. पावणेतीन लाख रेडिओसंच होते. नभोवाणी ही पूर्णतः शासनाच्या ताब्यात होती व तिचे कार्य लोकशिक्षणाचे आहे, अशी शासनाची धारणा होती. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते मूळचे पुण्याचे. शास्त्रीय संगीताचे जाणकार व कट्टर पुरस्कर्ते. संस्थानांच्या विलीनीकरणामुळे गायक-वादकांचा राजाश्रय संपुष्टात आला असून त्याची जागा आता राज्यसंस्थेनेच, म्हणजे नभोवाणीने, घेतली पाहिजे, हा त्यांच्या धोरणाचा गाभा होता. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम जुलै १९५२ मध्ये सुरू झाला. आकाशवाणी वाद्यवृंदाची स्थापना आणि कलावंतांची श्रवणचाचणीद्वारे निवड व श्रेणीकरण या गोष्टीही याच काळातील. अनेक कलावंतांना या धोरणामुळे स्थिर उपजीविका लाभली, हे मान्य करावे लागते.

याच धोरणाची दुसरी बाजू चित्रपटसंगीताविषयीच्या प्रतिकूल दृष्टीची होती. पाश्चात्त्य वाद्यमेळाचा वापर व उथळ शब्दरचना यांमुळे चित्रपटगीते लोकांची अभिरुची बिघडवितात, असे मानून त्यांच्या प्रसारणाचा वेळ कमी करण्यात आला आणि गीतांची छाननी सुरू झाली. गीत लावताना चित्रपटाचे नाव सांगणे ही त्या चित्रपटाची जाहिरात ठरते, या कारणास्तव ते नाव उच्चारणेही बंद झाले. निर्मात्यांचा याला विरोध होता. त्यांनी आपल्या गीतांच्या प्रसारणाचे परवाने काढून घेतले व आकाशवाणीवरील चित्रपटसंगीत जवळजवळ थांबले. चित्रपटगृहांत, लग्नमंडपांत आणि उपाहारगृहांत ऐकू येणारे संगीत देशाच्या नभोवाणीवर मात्र ऐकू येईनासे झाले. श्रोत्यांची गरज कायम होती. ती भागविणारे साधन शेजारच्या देशात तयार होते.

रेडिओ सिलोन : सिलोनमध्ये (आताचे श्रीलंका) नभोवाणीचा प्रारंभ १९२५ मध्ये कोलंबो येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमानीचे मुख्यालय सिलोनमध्ये होते. या विस्तृत प्रदेशात पसरलेल्या सैनिकांसाठी ‘रेडिओ सीॲक’ हे केंद्र चालविले जाई. त्याकरिता कोलंबोच्या उत्तरेस एकला येथे १०० किलोवॉट शक्तीचा लघुलहरी प्रक्षेपक उभारण्यात आला. युद्धोत्तर काळात ही यंत्रसामग्री सिलोन सरकारकडे आली. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरत असल्याने लहानशा बेटावरील हे केंद्र काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत ऐकू येत असे. मध्यलहरींवर चालणाऱ्या भारतीय केंद्रांचा पल्ला त्या मानाने फारच मर्यादित होता.

३० सप्टेंबर १९५० रोजी रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली. कोलंबो योजनेखाली आलेले क्लिफर्ड डॉड या ऑस्ट्रेलियन प्रशासकाने तिची उभारणी केली. इंग्रजीबरोबरच हिंदी कार्यक्रमांनाही तीवर स्थान मिळाले. भारतात नभोवाणीवरून जाहिरात करण्यास तेव्हा वाव नव्हता. त्यामुळे भारतीय बाजारपेठेत माल विकणाऱ्या कंपन्यांना कोलंबोची वेळ विकत घेणे सोयीचे वाटले. मुंबईतील रेडिओ ॲडव्हर्टायझिंग सर्व्हिसेस ही संस्था असे प्रायोजित कार्यक्रम तयार करीत असे. लेखन आणि ध्वनिमुद्रण मुंबईत होई, ध्वनिफिती विमानाने कोलंबोस जात आणि तेथून लघुलहरींवरून त्या पुन्हा भारतातील घराघरांत पोहोचत. मुंबईत निर्माण झालेली गीते मुंबईच्याच श्रोत्याला समुद्रापलीकडून ऐकावी लागत, हे त्या काळातील धोरणाचे अपरिहार्य फलित होते.

प्रारंभ व स्वरूप : बिनाकाच्याच नावाने पाश्चात्त्य गीतांचा ‘हिट परेड’ हा इंग्रजी कार्यक्रम आधीपासून चालू होता. त्याच धर्तीवर हिंदी गीतांचा कार्यक्रम करण्याचे ठरले. मानधन अल्प असल्याने, आठवड्यास सु. २५ रुपये असल्याचे सांगितले जाते, अनुभवी निवेदक पुढे येईनात. तेव्हा हे काम विशीतील अमीन सयानी यांच्याकडे आले. त्यांचे वडील बंधू हमीद सयानी हे इंग्रजी कार्यक्रमांचे नामवंत निर्माते व निवेदक होते.

प्रारंभी कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता व त्याचे स्वरूप स्पर्धेचे होते. सात गीते कोणत्याही विशिष्ट क्रमाविना ऐकविली जात. श्रोत्यांनी आपल्या मते त्यांचा लोकप्रियतेचा क्रम लावून पाठवावयाचा व ज्याचा क्रम बरोबर ठरेल त्याला शंभर रुपयांचे पारितोषिक, अशी योजना होती. निर्मात्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार पहिल्या प्रसारणानंतर सु. नऊ हजार पत्रे आली आणि पुढे हा ओघ आठवड्याला पासष्ट हजारांच्या घरात गेला. एवढी पत्रे उघडून तपासणे थोड्या माणसांच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यामुळे १९५४ च्या सुमारास स्पर्धेचे स्वरूप सोडून देण्यात आले व निश्चित क्रमवारी सादर करणारा तासाभराचा कार्यक्रम सुरू झाला. दर बुधवारी रात्री आठ ते नऊ या वेळात सोळा गीते खालच्या क्रमांकापासून वरच्या क्रमांकाकडे ऐकविली जात. क्रमांकाला ‘पायदान’ (पायरी) हा शब्द सयानींनी रूढ केला. अग्रस्थानाच्या गीतापूर्वी बिगुल वाजे. ठरावीक आठवडे क्रमवारीत टिकलेल्या गीतास ‘सरताज गीत’ म्हणून गौरवून स्पर्धेतून निवृत्त केले जाई. एकाच गीताने वर नवी गीते अडवून धरू नयेत, हा त्यामागील हेतू.

निवेदनशैली : सयानींच्या मातोश्री कुलसुम सयानी या प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रातील कार्यकर्त्या होत. महात्मा गांधींच्या प्रेरणेने त्यांनी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे पाक्षिक चालविले. ते देवनागरी, उर्दू व गुजराती या तीन लिप्यांत निघे व त्याची भाषा सोपी हिंदुस्थानी असे. या पाक्षिकाच्या कामात हातभार लावतानाच सयानींची भाषा घडली. आकाशवाणीची हिंदी त्या काळी संस्कृतप्रचुरतेकडे झुकली होती आणि सामान्य श्रोत्याला ती परकी वाटे. गीतमालेची भाषा मात्र पंजाबपासून आंध्रापर्यंत कोणासही कळावी अशी होती. ‘बहनो और भाइयो’ असा स्त्रियांना प्रथम स्थान देणारा त्यांचा संबोधनक्रमही सर्वपरिचित झाला. याहून महत्त्वाचे म्हणजे गीताबरोबर चित्रपट, संगीतकार, गीतकार व गायक यांची नावे नेमाने सांगितली जात. पडद्यामागील संगीतकार व गीतकार यांची नावे सामान्य श्रोत्यांच्या तोंडी रुळण्यास या प्रथेचा मोठा हातभार लागला.

लोकप्रियतेचे मोजमाप : गीतमाला ही शुद्ध मतगणना होती, असा समज आढळतो, तो पूर्णतः बरोबर नाही. पत्रे हे पहिले साधन होते. परंतु पत्र लिहिणारा श्रोता हा साक्षर, उत्साही आणि टपालखर्च सोसणारा असे. शिवाय एकच मनुष्य अनेक पत्रे धाडू शके. बिहारमधील (आता झारखंडमधील) झुमरीतिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे लहान गाव फर्माइशींच्या पत्रांमुळे भारतभर प्रसिद्ध झाले. लोकसंख्येच्या मानाने त्याचा आवाज किती तरी पट मोठा होता. यावरून पत्रसंख्या ही लोकमताची खात्रीची खूण नव्हे, हे स्पष्ट होते.

म्हणून पुढे देशातील निवडक विक्रेत्यांकडून ध्वनिमुद्रिकांच्या खपाची माहिती मागविण्यात येऊ लागली. गीतासाठी पैसे मोजणारा ग्राहक हा केवळ पत्र लिहिणाऱ्यापेक्षा अधिक विश्वसनीय, असा त्यामागील विचार होता. याही साधनात तीन दोष होते. पहिला असा, की मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या दोन बाजूंस दोन गीते असत; ग्राहकाने ती नेमक्या कोणत्या गीतासाठी घेतली, हे खपाच्या आकड्यावरून कळत नसे. दुसरा दोष पुरवठ्याचा. एखादी ध्वनिमुद्रिका इतकी मागणी असलेली असे की ती दुकानांतून संपून जाई. मग गीताची लोकप्रियता शिखरावर असतानाच त्याचा खप शून्यावर येई. तिसरा दोष हितसंबंधांचा. क्रमवारीत वर चढलेल्या गीतामुळे चित्रपटाचा धंदा वाढतो, हे ध्यानात आल्यावर ध्वनिमुद्रिका घाऊक प्रमाणात विकत घेऊन गीताला वर नेण्याचा मोह संबंधितांना होणे स्वाभाविक होते.

या दोषांवर उपाय म्हणून श्रोतृसंघांची (‘श्रोता संघ’) योजना करण्यात आली. गावोगावी रेडिओप्रेमींनी आपली मंडळे स्थापन केली होती. सभासदांनी आठवड्यातील आवडती गीते ठरवावीत व त्यांची यादी मंडळाने धाडावी, अशी पद्धत पडली. खप, विक्रेत्यांचे मत आणि श्रोतृसंघांच्या याद्या या तिहींच्या मेळातून आठवड्याचा क्रम निश्चित होई. अशा रीतीने व्यक्तीच्या मताऐवजी संघटित मंडळाचे मत मोजले जाऊ लागले. तालुक्याच्या गावातील पाचपंचवीस तरुणांचे मंडळ राष्ट्रीय क्रमवारीवर आपला ठसा उमटवू शकत होते. ज्या श्रोत्याजवळ ग्रामोफोन नव्हता व जो ध्वनिमुद्रिका विकत घेऊ शकत नव्हता, त्याला या योजनेमुळे प्रथमच मोजणीत स्थान मिळाले.

वार्षिक क्रमवारी : साप्ताहिक क्रमांकानुसार प्रत्येक गीतास गुण दिले जात आणि वर्षभरातील गुणांची बेरीज करून डिसेंबरच्या अखेरीस वार्षिक क्रमवारी जाहीर होई. तिची उत्कंठा असाधारण असे. उपाहारगृहे, पानपट्ट्या व घरांचे ओटे येथे त्या बुधवारी श्रोत्यांचे घोळके जमत आणि कोणते गीत पहिले येईल यावर पैजा लागत.

गुणांच्या बेरजेची ही पद्धत सोपी असली, तरी तिचे काही परिणाम लक्षात घ्यावे लागतात. एक म्हणजे, अल्पकाळ गाजून विरणाऱ्या गीतापेक्षा मध्यम स्थानी दीर्घकाळ टिकणाऱ्या गीतास ती अनुकूल होती. दुसरे, चित्रपट वर्षाच्या कोणत्या महिन्यात प्रदर्शित झाला, याला अवास्तव महत्त्व येई. वर्षअखेरीच्या चित्रपटातील गीताचे गुण दोन वर्षांत विभागले जात किंवा सगळेच पुढील वर्षाच्या खाती पडत. यामुळे क्रमवारीचे वर्ष व चित्रपटाचे वर्ष यांत अनेकदा अंतर दिसते. ‘जंगली’ हा १९६१ चा चित्रपट, पण त्यातील गीत १९६२ मध्ये पहिले आले. ‘रोटी, कपडा और मकान’ (१९७४) व ‘डॉन’ (१९७८) यांतील गीते अनुक्रमे १९७५ व १९७९ मध्ये अग्रस्थानी होती. ‘नाम’ (१९८६) मधील गीतास हा मान १९८७ मध्ये मिळाला.

अग्रस्थानाची गीते : १९५३ च्या गीतांत ‘अनारकली’ चित्रपटातील लता मंगेशकर यांनी गायलेले गीत अग्रस्थानी होते. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र (रामचंद्र चितळकर) हे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांब्याचे. पुढील वर्षी ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (संगीतकार सचिनदेव बर्मन), १९५५ मध्ये ‘श्री ४२०’ (शंकर-जयकिशन) व १९५६ मध्ये ‘सी. आय. डी.’ (ओ. पी. नय्यर) या चित्रपटांतील गीतांना हे स्थान लाभले. १९६० ते १९६३ या चारही वर्षांच्या अग्रस्थानी गीतांत मोहम्मद रफी यांचा स्वर आहे. ‘बरसात की रात’, ‘ससुराल’, ‘जंगली’ आणि ‘ताजमहल’ हे ते चित्रपट होत. यांपैकी पहिल्या व शेवटच्या चित्रपटाचे संगीत रोशन यांचे आहे.

१९६७ ते १९७० या काळात लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीने ‘मिलन’, ‘शागिर्द’, ‘इंतकाम’ व ‘दो रास्ते’ या चित्रपटांद्वारे सलग चार वर्षे अग्रस्थान राखले. या चारही गीतांत लता मंगेशकर यांचा स्वर आहे. १९७२ मध्ये ‘हरे रामा हरे कृष्णा’ मधील आशा भोसले यांच्या गीतास हा मान मिळाला. १९७१ मध्ये ‘अंदाज’, १९७४ मध्ये ‘कोरा कागज’ व १९७९ मध्ये ‘डॉन’ या चित्रपटांतील किशोर कुमार यांची गीते पहिली आली. १९७५ चे अग्रस्थानी गीत महागाईवर होते. नुकत्याच होऊन गेलेल्या तीव्र भाववाढीचा व टंचाईचा प्रत्यय श्रोत्यांनी दिलेल्या या पसंतीत दिसतो. १९७६ मध्ये ‘कभी कभी’ या चित्रपटातील गीत पहिले आले. त्याचे गायक मुकेश यांचे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निधन झाले होते.

क्रमवारीच्या मर्यादा : अग्रस्थानांची ही यादी म्हणजे त्या त्या वर्षातील उत्तम संगीताची यादी नव्हे. १९५७ हे ‘प्यासा’, ‘मदर इंडिया’ व ‘नया दौर’ या चित्रपटांचे वर्ष होते. तरीही त्या वर्षी ‘जनम जनम के फेरे’ या भक्तिप्रधान चित्रपटातील गीत पहिले आले. त्याचे संगीतकार एस. एन. त्रिपाठी व गीतकार भरत व्यास यांची गणना नामवंतांच्या पहिल्या फळीत होत नसे. महानगरांतील समीक्षकांच्या दृष्टीआड असणारा आणि भजन, कथा, यात्रा यांच्याशी जवळीक असणारा मोठा श्रोतृवर्ग देशात होता, याचा हा पुरावा होय. १९६० मध्ये ‘मुगल-ए-आझम’ प्रदर्शित झाला. नौशाद यांच्या संगीताने नटलेल्या या चित्रपटास त्या वर्षी अग्रस्थान मिळाले नाही. किशोर कुमार यांना गायक म्हणून नवे युग उघडून देणारा ‘आराधना’ (१९६९) हा चित्रपटही वार्षिक क्रमवारीत पहिल्या स्थानी कधी आला नाही.

मदनमोहन यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. गझलेच्या बांधणीतील त्यांच्या प्रभुत्वाविषयी संगीतज्ञांत दुमत नाही. त्यांच्या हयातीत मात्र त्यांच्या एकाही गीताला वर्षाचे अग्रस्थान मिळाले नाही. १९७७ मध्ये ते प्रथम आणि एकदाच मिळाले, ‘लैला मजनू’ या चित्रपटातील गीतामुळे. परंतु मदनमोहन १४ जुलै १९७५ रोजीच निवर्तले होते. क्रमवारीने ज्याला उशिरा ओळखले अशा कलावंतांत त्यांची गणना करावी लागते. साप्ताहिक पसंती मोजणाऱ्या साधनाला दीर्घकाळ मुरणारी आवड मोजता येत नाही, हाच त्याचा अर्थ.

याशिवाय ही क्रमवारी केवळ हिंदी चित्रपटगीतांपुरती होती. प्रादेशिक भाषांतील गीते, गैरचित्रपट गीते व लोकसंगीत यांना तीत स्थान नव्हते. कार्यक्रमाचे श्रवणक्षेत्र भारताबाहेरही पसरलेले होते. १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानात भारतीय चित्रपटांवर बंदी आली, तरी ही गीते लघुलहरींवरून तेथे ऐकली जात. क्रम ठरविणाऱ्या खपाचे आकडे मात्र भारतीय बाजारपेठेतलेच होते.

आकाशवाणीवरील परिणाम : रेडिओ सिलोनकडे वळलेला श्रोता परत मिळविणे आकाशवाणीला भाग पडले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती ही मनोरंजनपर सेवा सुरू झाली. तिच्या उभारणीत हिंदी कवी नरेंद्र शर्मा यांचा प्रमुख वाटा होता. अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नभोवाणीवर व्यापारी जाहिराती स्वीकाराव्यात, अशी शिफारस १९६६ मध्ये केली. त्यानुसार १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवर व्यापारी प्रसारण सुरू झाले. कोलंबोकडे जाणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नाला पहिला शह महाराष्ट्रातील तीन केंद्रांवरून दिला गेला, असे म्हणता येईल.

शासकीय नभोवाणीला लोकप्रियता अगदीच अप्राप्य होती, असे मात्र नाही. ग. दि. माडगूळकर यांनी रचलेले व सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केलेले ‘गीतरामायण’ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, आठवड्यास एक गीत या क्रमाने प्रसारित झाले. त्या वेळी महाराष्ट्रातील घरे रेडिओभोवती जमत. मराठी श्रोत्यांसाठी ‘आपली आवड’ सारखे फर्माइशीचे कार्यक्रमही होते. तथापि या कार्यक्रमांत श्रोता मागणी नोंदवी. गीतांची एकमेकांशी तुलना करून निर्णय देण्याचा अधिकार त्याला नसे. तो अधिकार गीतमालेने दिला.

इतर देशांतील तत्सम कार्यक्रम : गीतांची क्रमवारी ही कल्पना अमेरिकेतील. तेथे ‘युअर हिट परेड’ हा सिगारेट कंपनीने प्रायोजित केलेला कार्यक्रम १९३५ मध्ये सुरू झाला. ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाने १९४० पासून खपावर आधारित याद्या छापण्यास प्रारंभ केला. केवळ श्रोत्यांच्या मतदानावर उभी असलेली वार्षिक क्रमवारी म्हणून ऑस्ट्रेलियातील ‘ट्रिपल जे’ या सार्वजनिक नभोवाणी केंद्राच्या ‘हॉटेस्ट हंड्रेड’ या उपक्रमाचा उल्लेख करता येईल. त्याचा प्रारंभ १९८९ मध्ये झाला व १९९३ पासून त्यात त्या त्या वर्षातील गीतांचाच विचार होऊ लागला. तेथे श्रोता थेट मत देतो. गीतमालेत श्रोत्याचे मत, मंडळाचे मत व बाजारातील खप यांची सांगड घातलेली होती. हाच तिचा विशेष आणि वादाचे मूळही.

उत्तरकाल : दंतलेपाचे नाव बदलल्यावर कार्यक्रमही ‘सिबाका गीतमाला’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९७० नंतर दूरचित्रवाणीचा प्रसार झाला आणि स्वच्छ ऐकू येणारी विविध भारतीची केंद्रे गावोगावी पोहोचली. खरखर व चढउतार सोसून लघुलहरी ऐकण्याचे कारण त्यामुळे उरले नाही. मोजमापाचा पायाही ढासळला. १९८० नंतरच्या दशकात ध्वनिमुद्रिकेची जागा स्वस्त ध्वनिफितींनी घेतली. एका फितीत अनेक गीते असत, त्यांच्या अनधिकृत प्रती सर्रास निघत आणि मूळ गायकाऐवजी दुसऱ्याच्या आवाजातील आवृत्त्याही विकल्या जात. अशा बाजारात एका गीताचा खप मोजणे जवळजवळ अशक्य झाले.

१९८९ मध्ये कार्यक्रम विविध भारतीवर आला व १९९४ मध्ये थांबला. ‘कोलगेट सिबाका संगीतमाला’ या नावाने २००१ ते २००३ या काळात त्याचे अल्पकालीन पुनरुज्जीवन झाले. सयानींना २००९ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला. त्यांच्या निवेदनासह जुन्या गीतमालेची स्मृती जागविणारी ‘गीतमाला की छाँव में’ ही ध्वनिमुद्रणमालिकाही निघाली.

मूल्यमापन : देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक फेब्रुवारी १९५२ मध्ये पूर्ण झाली आणि गीतमाला त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तरी दोहोंमागे असलेला प्रश्न सारखा आहे : सामान्य माणसाच्या निवडीला किती प्रमाण मानावयाचे? राज्यकारभाराच्या बाबतीत ज्या शासनाने ही निवड निःशंकपणे मान्य केली, त्यानेच संगीताच्या बाबतीत ती अमान्य केली. केसकरांच्या धोरणामागील कळकळ खरी होती व शास्त्रीय संगीताला त्याचा लाभही झाला. परंतु एका संगीताला आश्रय देण्यासाठी दुसऱ्याचा आवाज बंद करणे आवश्यक नव्हते, हे पुढील घटनांनी दाखवून दिले.

गीतमालेची मोजणी निर्दोष नव्हती. ती एका दंतलेपाच्या विक्रीसाठी चालविली जात होती, बाजाराचा प्रभाव तीवर होता आणि तिचे निर्णय संगीताच्या गुणवत्तेविषयी अंतिम नव्हते. असे असूनही, दोष दिसेल तेव्हा मोजण्याची पद्धत सुधारण्याचा प्रयत्न तिने केला. पत्रांकडून खपाकडे व खपाकडून श्रोतृसंघांकडे झालेली तिची वाटचाल या दृष्टीने लक्षणीय आहे. १९९३ च्या वार्षिक क्रमवारीत ‘खलनायक’ चित्रपटातील एक गीत पहिले आले. त्याच्या शब्दांवरून सार्वजनिक वाद झडला होता आणि गीतमाला तेव्हा आकाशवाणीच्याच विविध भारतीवर होती. चाळीस वर्षांपूर्वी ज्या अभिरुचीस शासकीय नभोवाणीने दार बंद केले होते, तिचा कौल आता त्याच नभोवाणीच्या कार्यक्रमातून जाहीर होत होता. हा कौल रुचला नाही तरी तो नोंदविला गेला पाहिजे, ही जाणीव रुजविण्यात बिनाका गीतमालेचा मोठा वाटा आहे.